साक्र द्यू प्रँताँ, ल : आरंभीचे बॅसूनवादन व श्रोत्यांच्या प्रतिक्रिया

रशियन संगीतकार इगॉर स्ट्राव्हिन्स्की (१८८२–१९७१) ह्याच्या ‘ल साक्र द्यू प्रँताँ’ (वसंताचा यज्ञविधी) ह्या बॅलेसंगीताचा प्रारंभ बॅसून ह्या सुषिरवाद्याच्या एकाकी व विलक्षण उंच स्वरांतील आलापाने होतो. ह्या बॅलेचा पहिला प्रयोग पॅरिस येथे २९ मे १९१३ रोजी झाला. त्या वेळी प्रेक्षागृहात उसळलेला गोंधळ ही आधुनिक संगीताच्या इतिहासातील एक बहुचर्चित घटना आहे. त्या गोंधळाची ठिणगी बॅसूनच्या ह्या आलापानेच टाकली, अशी समजूत रूढ आहे. उपलब्ध साक्षी तपासून पाहता ही समजूत अंशतःच खरी ठरते. बॅसूनचा स्वर ऐकून काही श्रोते हसले, काहींना तो कोणत्या वाद्याचा हेच उमगले नाही. परंतु खरा गदारोळ पडदा वर गेल्यानंतर झाला. पुढील शतकभरात हाच आलाप संगीतरसिकांच्या अत्यंत परिचयाचा झाला. एकच स्वरावली वेगवेगळ्या काळातील श्रोत्यांच्या कानी किती निरनिराळ्या रूपांत पडू शकते, ह्याचे हे उद्‌बोधक उदाहरण होय.

वाद्याचे स्वरूप : बॅसून हे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील काष्ठवाद्यांच्या वर्गातील मंद्र स्वरांचे वाद्य आहे. सनईप्रमाणेच त्यात दुहेरी पत्तीच्या कंपनाने नाद निर्माण होतो. त्याची शंक्वाकार नळी सु. अडीच मीटर लांबीची असून ती मधोमध दुमडलेली असल्याने वाद्याची प्रत्यक्ष उंची सु. १·३५ मी. भरते. त्याचा सर्वांत खालचा स्वर आजच्या प्रमाण स्वरमानानुसार सु. ५८ हर्ट्‌झ कंप्रतेचा असतो. तेथून वर तीनहून अधिक सप्तकांचा पल्ला ह्या वाद्यास गाठता येतो. मात्र त्यांपैकी सर्वांत वरचे काही स्वर मूळ स्वरांच्या उच्च संवादींवर अवलंबून असतात. ते काढण्यासाठी छिद्रे व चाव्या ह्यांची वेगळी अंगुलियोजना, पत्तीवर ओठांचा नेमका दाब आणि श्वासाचे कडक नियंत्रण आवश्यक असते. थोडी चूक झाली, तरी स्वर फुटतो अथवा खालच्या संवादीवर घसरतो.

बॅसूनचे दोन मुख्य प्रकार प्रचारात आले. जर्मनीत कार्ल आल्मेनरेडर आणि हेकेल घराण्यातील कारागीर ह्यांनी एक रचना सिद्ध केली. फ्रान्समध्ये एझेन झांकूर (१८१५–१९०१) ह्यासारख्या वादकांच्या साहाय्याने दुसरी विकसित झाली. जर्मन बॅसूनचा नाद गोल व एकजिनसी असतो. तर फ्रेंच बॅसूनचा नाद काहीसा बारीक, सानुनासिक आणि स्वरास्वरांत छटा बदलणारा असतो. उंच स्वर फ्रेंच बॅसूनवर तुलनेने सहज निघतात. १९१३ मध्ये पॅरिसच्या वाद्यवृंदांत फ्रेंच बॅसूनच वापरात होते, ही गोष्ट प्रस्तुत संदर्भात महत्त्वाची आहे.

श्रोत्यांची पूर्वापेक्षा : एखाद्या वाद्याकडून श्रोता काय अपेक्षितो, हे त्या वाद्याच्या आजवरच्या उपयोगावरून ठरते. अठराव्या शतकात व्हिव्हाल्दीने बॅसूनसाठी सु. ३९ कंचेर्तो रचले. मोट्‌सार्टने १७७४ मध्ये एक रचला. तथापि एकोणिसाव्या शतकातील वाद्यवृंदात खालच्या स्वरांना आधार देणे आणि प्रसंगी विनोद वा विचित्रता सूचित करणे, ही ह्या वाद्याची प्रमुख कामे झाली. एक्तॉर बेर्लिओझ (१८०३–६९) ह्याने वाद्यवृंदरचनेवरील आपल्या ग्रंथात बॅसूनच्या नादाला तेज वा भारदस्तपणा नसून तो विडंबनाकडे झुकतो, असे मत नोंदविले. त्याच्या उंच स्वरांत त्यास वेदनेची व दैन्याची छटा जाणवली. एडव्हार्ट ग्रीगच्या ‘पेर ग्युंट’मधील पर्वतराजाच्या दालनाच्या प्रसंगात (१८७६) आणि पॉल द्यूकाच्या ‘लाप्राँती सॉर्सिए’ (१८९७) ह्या रचनेत बॅसूनची दुडकी चाल सर्वपरिचित झाली होती. चायकॉव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा (१८९३) आरंभही बॅसूनच्या एकलवादनानेच होतो. परंतु तेथे ते अगदी खालच्या, काळोख्या स्वरांत आहे. त्यामुळे बॅसूनने आरंभ होणे ही गोष्ट श्रोत्यांस नवी नव्हती. नवे होते ते त्याचे स्थान.

खुद्द स्ट्राव्हिन्स्कीने ‘लुआझो द फ’ (अग्निपक्षी) ह्या बॅलेत बॅसूनला अंगाईगीत दिले होते. तो बॅले १९१० मध्ये पॅरिसमध्ये द्यागिलेव्हच्याच संस्थेने रंगभूमीवर आणला आणि त्याचे उत्तम स्वागत झाले. संगीतकार, संस्था, शहर व वाद्य ही सर्व तीच असूनही तीन वर्षांनी प्रतिक्रिया बदलली. त्या अंगाईत बॅसून आपल्या नैसर्गिक स्वरक्षेत्रात, तंतुवाद्यांच्या मऊ साथीवर गातो. ‘साक्र’च्या आरंभी मात्र त्याला कोणताच आधार ठेवलेला नाही.

आलापाची रचना : आलापाचा पहिला स्वर मध्य ‘सी’च्या वरच्या सप्तकातील ‘सी’ (सु. ५२३ हर्ट्‌झ) असून तो वादकाच्या मर्जीप्रमाणे लांबवावा, अशी खूण स्वरलिपीत आहे. त्यानंतर स्वरावली हेलकावे घेत खाली उतरते, पुन्हा वर चढते आणि एके ठिकाणी वरच्या ‘डी’पर्यंत (सु. ५८७ हर्ट्‌झ) पोहोचते. लय विलंबित आहे आणि ती लवचिक ठेवण्याची सूचना असल्याने मात्रांचा ठोका श्रोत्यास सापडत नाही. दुसऱ्याच खंडात हॉर्नचा एक विसंवादी स्वर तीत मिसळतो. मग क्लॅरिनेट आणि क्रमाने इतर काष्ठवाद्ये प्रवेश करतात. प्रास्ताविकाच्या अखेरीस सर्व वाद्ये एकाएकी थांबतात आणि तीच स्वरावली अर्ध्या स्वराने खाली, पुन्हा एकट्या बॅसूनवर ऐकू येते. हे प्रास्ताविक सु. तीन मिनिटांचे आहे.

मूळ चाल लिथुएनियन लोकगीताची आहे. अन्तानास यूश्का (१८१९–८०) ह्या धर्मोपदेशकाने जमविलेल्या लिथुएनियन लोकगीतांच्या चाली १९०० मध्ये क्रेको येथे प्रसिद्ध झाल्या. त्यांतील १५७ क्रमांकाच्या चालीवर हा आलाप आधारलेला आहे. आंद्रे शेफ्नेर ह्या फ्रेंच संगीतज्ञाने १९३१ मध्ये हे मूळ दाखवून दिले. संपूर्ण रचनेत हीच एक लोकगीताची चाल आहे, असे स्ट्राव्हिन्स्की पुढे सांगत असे. परंतु त्याच संग्रहातील व अन्य चालींचा उपयोग त्याने इतरत्रही केल्याचे लॉरेन्स मॉर्टन आणि रिचर्ड टारस्किन ह्यांच्या संशोधनाने १९७९ नंतर स्पष्ट झाले. साध्या चालीस त्याने लहान लहान अलंकारिक स्वर जोडले, तिची मात्रारचना मोडली आणि कंठाला सहज पेलणारी ती चाल एका मंद्र वाद्याच्या अगदी माथ्यावर नेऊन ठेवली. निसर्गाच्या जागृतीचे, पशुपक्ष्यांच्या हालचालींचे चित्र प्रास्ताविकातून उभे राहावे, अशी त्याची कल्पना होती. काष्ठवाद्यांच्या ह्या जमावाची तुलना त्याने रशियातील ‘दूदकी’ ह्या ग्रामीण पाव्यांशी केली आहे. तंतुवाद्यांचा नाद मानवी आवाजाच्या फार जवळचा असल्याने तो त्याने आरंभी दूर ठेवला. म्हणजेच बॅसूनच्या स्वरात जो ताण जाणवतो तो लेखनातील दोष नव्हे. मातीतून वर येऊ पाहणाऱ्या कोंभाचा तो ताण असून संगीतकाराने तो हेतुपूर्वक योजिला आहे.

येथे एक तुलना उपयुक्त ठरेल. आलापाचा हा पहिला स्वर म्हणजे ऑपेरातील टेनर (उच्च पुरुषी आवाजाच्या) गायकाचा प्रसिद्ध उच्च ‘सी’च होय. झिल्बेर द्यूप्रे ह्या गायकाने १८३७ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात रोस्सीनीच्या ‘गियोम तेल’मध्ये तो भरदार छातीच्या आवाजात लावला, तेव्हापासून तेथील श्रोते त्या स्वराची आतुरतेने वाट पाहू लागले. गायकाच्या गळ्यातील स्वराचा ताण पराक्रम ठरला. बॅसूनच्या नळीतून निघालेला तोच स्वर काही श्रोत्यांना हास्यास्पद वाटला. स्वराची उंची एकच होती. भेद केवळ अपेक्षेचा होता.

पहिले श्रोते : प्रेक्षागृहापूर्वी ही रचना काही निवडक व्यक्तींच्या कानी पडली होती. १९१२ मध्ये माँटी कार्लो येथे स्ट्राव्हिन्स्कीने ती पियानोवर वाजवून दाखविली, तेव्हा वाद्यवृंदसंचालक प्येअर माँतू (१८७५–१९६४) ह्यास संगीतकार वेडा झाला असावा, असे वाटले. बॅले संस्थेचा चालक सर्गेई द्यागिलेव्ह (१८७२–१९२९) मात्र ही कृती संगीतात क्रांती करील, असे सांगून मोकळा झाला. त्याच वर्षी पॅरिसनजीक ल्वी लाल्वा ह्या समीक्षकाच्या घरी क्लोद दब्यूसी व स्ट्राव्हिन्स्की ह्यांनी मिळून ती चार हातांसाठीच्या पियानो-रूपात वाजविली. ऐकणारे अवाक् झाल्याचे लाल्वाने लिहून ठेवले आहे. परंतु पियानोवर प्रत्येक स्वर सारख्याच सहजतेने उमटतो. त्यामुळे बॅसूनच्या कष्टाचा अनुभव त्यांपैकी कोणालाही आलेला नव्हता.

तो अनुभव प्रथम वादकांना आला. वाद्यवृंदाच्या सु. १७ तालमी झाल्या. त्या वाद्यवृंदातील ल्वी स्पेयर ह्या ओबोवादकाच्या आठवणी ह्या बाबतीत मोलाच्या आहेत. बॅसून इतक्या उंच स्वरात ऐकून सर्व वादक चकित होऊन एकमेकांकडे पाहू लागले आणि तालमीस उपस्थित असलेल्या काही संगीतकारांनी हा सॅक्सोफोन आहे काय, अशी पृच्छा केली, असे तो सांगतो. बॅसूनवादक आब्दाँ लोस ह्याला त्या स्वरांसाठी अंगुलियोजना स्वतःच शोधून काढावी लागली आणि तो अनुभव त्याच्या दृष्टीने भयंकर होता. पुढे कोणताही चांगला वादक हा आलाप जाणतो, अशी पुस्तीही स्पेयरने जोडली आहे. नवलाईपासून सवयीपर्यंतचा सारा प्रवास ह्या एका साक्षीत सामावलेला दिसतो.

पहिला प्रयोग : गाब्रिएल आस्त्र्यूक ह्याने उभारलेले ‘तेआत्र दे शाँझेलिझे’ हे नाट्यगृह एप्रिल १९१३ मध्येच उघडले होते. बॅलेची नृत्यरचना वास्लाव्ह निझिन्स्की ह्याची, तर कथासूत्रात सहभाग, नेपथ्य व वेशभूषा निकोलस रोरिक (१८७४–१९४७) ह्याची होती. रोरिक पुढे भारतात आला आणि कुलू खोऱ्यातील नग्गर येथे स्थायिक झाला. तेथेच त्याचा मृत्यू झाला. प्राचीन रशियातील टोळ्यांचे वसंतविधी आणि अखेरीस एका निवडलेल्या कुमारिकेचा मरेपर्यंत नृत्य करून होणारा बळी, असा बॅलेचा विषय होता. २८ मे रोजी निमंत्रितांपुढे झालेली रंगीत तालीम शांतपणे पार पडली. दुसऱ्या दिवशी मात्र वाढीव दराची तिकिटे काढून आलेला उच्चभ्रू प्रेक्षकवर्ग आणि नवकलेचे उत्साही पुरस्कर्ते एकाच छताखाली जमले. कार्यक्रमाचा आरंभ शोपँच्या संगीतावरील ‘ले सिल्फीद’ ह्या तरल, स्वप्नमय बॅलेने झाला होता. त्यानंतर दिवे मंदावले आणि बंद पडद्याआडून नव्हे, तर पडद्यासमोरच्या वादकांच्या खळग्यातून बॅसूनचा तो स्वर आला.

साक्षींची छाननी : पुढे काय घडले ह्याविषयी एकमत नाही. स्ट्राव्हिन्स्कीने आपल्या आत्मचरित्रात (१९३५–३६) प्रास्ताविकाच्या पहिल्याच खंडांना उपहासाचे हसू उठले, त्यामुळे आपण संतापून प्रेक्षागृह सोडले व रंगमंचाच्या बाजूस गेलो, असे लिहिले आहे. तेथे निझिन्स्की खुर्चीवर उभा राहून नर्तकांना ओरडून आकडे सांगत होता. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संभाषणग्रंथात मात्र त्याच संगीतकाराने आरंभापासून सौम्य नापसंती ऐकू येत होती आणि पडदा वर जाऊन नर्तकींचा गट उड्या मारू लागला, तेव्हा वादळ फुटले, असे सांगितले. दोन्ही कथने घटनेनंतर दीर्घ काळाने केलेली आहेत. परंतु प्रथम हसू वा कुजबुज आणि नंतर गदारोळ, हा क्रम दोहोंत समान आहे.

हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रास्ताविक चालू असताना रंगमंचावर पाहण्यासारखे काहीच नव्हते. तेव्हा त्या वेळचे हसू निःसंशय संगीतालाच उद्देशून होते. परंतु हसू म्हणजे दंगल नव्हे. अपरिचित नाद ऐकून दचकलेल्या मनाची ती स्वाभाविक सुटका असते. पडदा उघडल्यावर जमिनीला खिळलेली, आत वळविलेल्या पावलांची, अभिजात बॅलेच्या सर्व संकेतांना छेद देणारी नृत्यरचना दिसली आणि त्यानंतर पक्ष-प्रतिपक्षांची आरडाओरड एवढी वाढली, की वाद्यवृंद ऐकू येईनासा झाला. दुसऱ्या दिवसापासून आलेल्या वृत्तपत्रीय परीक्षणांतही संगीतापेक्षा नृत्यरचनेवरच टीकेचा रोख अधिक होता. ‘ल फिगारो’चा समीक्षक आंरी किटार ह्याने एकंदर कृतीची संभावना कष्टसाध्य व पोरकट रानटीपणा अशी केली. ह्याउलट झाक रिव्ह्येअर ह्याने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लिहिलेल्या निबंधात संगीत व नृत्य ह्या दोहोंचे मर्म जाणून त्यांची मनःपूर्वक प्रशंसा केली.

प्रत्यक्षदर्शींच्या कथनांनाही मर्यादा आहेत. माँतू सर्व वेळ स्वरलिपीवर दृष्टी खिळवून होता. हा बॅले आपण कधी पाहिलाच नाही, असे त्याने पुढे सांगितले. गोंधळाला न जुमानता त्याने रचना अखेरपर्यंत नेली. झां कॉक्तोने १९१८ मध्ये केलेले वर्णन चटकदार आहे. त्याच्या मते त्या रात्री प्रेक्षकांनी आपल्या वाट्याची भूमिकाच वठविली. अमेरिकन लेखक कार्ल व्हॅन व्हेक्टन ह्याचे वर्णन वारंवार उद्‌धृत केले जाते. परंतु तो, तसेच लेखिका गर्ट्रूड स्टाइन, हे दोघे पहिल्या नव्हे तर २ जूनच्या दुसऱ्या प्रयोगास हजर होते. अशा लेखनातूनच बॅसूनचा पहिला स्वर निघताच दंगल उसळली, हे आटोपशीर चित्र तयार झाले. इतिहासात गुंतागुंतीच्या घटनेला एकच सुटसुटीत कारण चिकटविण्याची प्रवृत्ती नेहमीच दिसते. येथे ते कारण होण्याचा मान एका वाद्याच्या वाट्याला आला.

तत्कालीन वातावरणही लक्षात घेतले पाहिजे. ३१ मार्च १९१३ रोजी व्हिएन्ना येथे आर्नोल्ट शन्‌बर्गने संचालन केलेली मैफल श्रोत्यांच्या दांडगाईमुळे अपुरी राहिली होती. निझिन्स्कीच्या आदल्या वर्षीच्या नृत्यरचनेवर पॅरिसमध्ये वाद झाला होता आणि १५ मे १९१३ रोजी सादर झालेला त्याचा ‘झ’ हा बॅलेही फारसा रुचला नव्हता. प्रेक्षागृहातील मने आधीच दोन तटांत विभागलेली होती. बॅसूनने त्यांना केवळ पहिला निमित्तमात्र संकेत दिला.

सँ-साँसची आख्यायिका : ज्येष्ठ फ्रेंच संगीतकार कामीय सँ-साँस (१८३५–१९२१) हा बॅसूनचे पहिले स्वर ऐकताच, हे कोणते वाद्य असे विचारून व वाद्याच्या दुरुपयोगाबद्दल संताप व्यक्त करून नाट्यगृहातून निघून गेला, ही कथा अनेक पुस्तकांत आढळते. तिचे निरनिराळे पाठभेद असून काहींत त्याच्या तोंडी चुरचुरीत उद्‌गारही घातलेले आहेत. तथापि पहिल्या प्रयोगास तो उपस्थितच नव्हता, असे स्ट्राव्हिन्स्कीने नंतर स्पष्ट केले. कथा घडलेली नसली, तरी ती टिकून राहिली ह्याला कारण आहे. प्रतिष्ठित परंपरेलाही हा स्वर ओळखता आला नाही, हे तीत एका प्रसंगात सांगितले जाते. विशेष म्हणजे ह्याच सँ-साँसने आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १९२१ मध्ये, बॅसून व पियानो ह्यांसाठी सोनाटा रचला. त्यात ह्या वाद्याच्या उंच स्वरांचा त्याने सढळ व प्रेमळ उपयोग केला आहे. बॅसूनने उंच गाऊ नये, असे मत त्याच्यावर लादणे त्यामुळे कठीण जाते.

पुढील प्रयोग व श्रोते : जून १९१३ मधील पॅरिसचे उरलेले प्रयोग तुलनेने शांततेत झाले. ११ जुलै रोजी लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहात पहिल्या प्रयोगापूर्वी एड्‌विन एव्हान्झ ह्या समीक्षकाने रचनेचा परिचय करून देणारे भाषण केले. तेथील प्रतिक्रिया पॅरिसच्या मानाने संयमी होती. सर्वांत बोलका पुरावा ५ एप्रिल १९१४ चा आहे. त्या दिवशी पॅरिसमध्येच माँतूने ही रचना नृत्याविना, केवळ मैफलीत सादर केली. तोच बॅसूनचा आलाप श्रोत्यांनी शांतपणे ऐकला आणि अखेरीस स्ट्राव्हिन्स्कीला खांद्यांवर घेऊन जल्लोष केला. एक वर्षही लोटले नव्हते. स्वरलिपी तीच होती. नृत्य दूर होताच संगीताचा विजय झाला, ह्यावरून पूर्वीच्या क्षोभाचा मुख्य विषय कोणता होता, हे सूचित होते. अर्थात मैफलीस येणारा श्रोता ऐकण्याच्या तयारीने येतो आणि बॅलेचा प्रेक्षक पाहण्याच्या, हा भेदही त्यामागे आहे.

ह्यानंतर रचनेचा प्रसार वेगाने झाला. अमेरिकेत लीओपोल्ड स्टोकोव्हस्कीने १९२२ मध्ये फिलाडेल्फिया येथे ती प्रथम सादर केली. १९२९ मध्ये माँतू व स्ट्राव्हिन्स्की ह्या दोघांनीही पॅरिसमध्ये तिचे ध्वनिमुद्रण केले. त्यामुळे हा आलाप घरबसल्या, पुनःपुन्हा ऐकणे शक्य झाले. वॉल्ट डिझ्नीच्या ‘फँटेझिया’ (१९४०) ह्या चित्रपटात स्टोकोव्हस्कीच्या संचालनाखाली तो पृथ्वीच्या उत्पत्तीच्या व महाकाय सरटांच्या दृश्यांसह लक्षावधी प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात ह्या स्वरांचा संबंध वसंतविधीऐवजी आदिम सृष्टीशी जोडला गेला. मुंबईत जन्मलेले संगीतसंचालक झुबिन मेहता ह्यांनी १९६९ मध्ये लॉस अँजेल्स फिलहार्मॉनिक वाद्यवृंदासह केलेले ध्वनिमुद्रणही नावाजले गेले. १९५२ मध्ये माँतूने बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदासह पॅरिसच्या त्याच नाट्यगृहात ही रचना सादर केली, तेव्हा संगीतकार उपस्थित होता आणि श्रोत्यांनी दोघांनाही मानवंदना दिली. २९ मे १९६३ रोजी, पहिल्या प्रयोगास बरोबर पन्नास वर्षे झाली असता, ८८ वर्षांच्या माँतूने लंडनच्या रॉयल ॲल्बर्ट हॉलमध्ये स्ट्राव्हिन्स्कीच्या उपस्थितीत तिचे पुन्हा संचालन केले. ही रचना आपणास आवडत नाही, असे प्रांजळपणे सांगणाऱ्या माँतूनेच तिची सर्वाधिक निष्ठेने सेवा केली.

कौशल्य व अर्थबदल : जसजशी रचना रूढ झाली, तसतशी बॅसूनवादकांची तयारीही वाढली. हा आलाप विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात व वाद्यवृंदांच्या निवडचाचण्यांत आवश्यक भाग ठरला. उंच स्वरांसाठी विशेष घडणीच्या पत्त्या, तोंडनळ्या व जादा चाव्या प्रचारात आल्या. त्याच काळात बहुतेक देशांत फ्रेंच बॅसून मागे पडून जर्मन बॅसून सार्वत्रिक झाला. परिणामी आलाप आज बहुधा गोल, स्थिर व निर्दोष स्वरांत ऐकू येतो. वाद्य कोणते, असा प्रश्न श्रोता विचारीत नाही. उलट रचना कोणती, हे पहिल्या दोन स्वरांतच ओळखतो.

ह्यामुळे एक खरीखुरी अडचण निर्माण झाली आहे. जो ताण संगीतकारास अभिप्रेत होता, तो वादकाच्या प्रभुत्वामुळे नाहीसा होत चालला. वादकांना हा आलाप सुलभ वाटू लागल्यास तो ठरावीक वर्षांनी अधिकाधिक उंच स्वरात नेला पाहिजे, असे स्ट्राव्हिन्स्की विनोदाने म्हणत असे, अशी आख्यायिका आहे. तिच्यात ही जाणीव नेमकी व्यक्त होते. मूळ अनुभव पुन्हा मिळविण्याचे प्रयत्नही झाले. निझिन्स्कीच्या लुप्त नृत्यरचनेची मिलिसेंट हॉडसन व केनेथ आर्चर ह्यांनी केलेली पुनर्रचना जॉफ्री बॅले ह्या संस्थेने १९८७ मध्ये लॉस अँजेल्स येथे सादर केली. फ्रांस्वा-झाव्ह्ये रॉत ह्याच्या ‘ले स्येक्ल’ ह्या वाद्यवृंदाने २०१३ मध्ये, शताब्दीच्या निमित्ताने, १९१३ च्या सुमाराची फ्रेंच वाद्ये वापरून ही रचना वाजविली. फ्रेंच बॅसूनचा बारीक, किंचित कंपित स्वर ऐकल्यावर हा पाव्यांचा जमाव आहे, ह्या संगीतकाराच्या वर्णनाचा अर्थ अधिक उलगडतो. परंतु वाद्य जुने आणता आले, तरी श्रोत्याचा कान जुना करता येत नाही. १९१३ चा श्रोता ह्या स्वरापुढे निःशस्त्र होता. आजचा श्रोता त्याची वाट पाहत बसलेला असतो.

समारोप : ‘साक्र’च्या आरंभीच्या आलापाविषयीच्या प्रतिक्रियांचा इतिहास म्हणजे केवळ अडाणी श्रोते व दूरदर्शी कलावंत ह्यांच्यातील संघर्षाची कथा नव्हे. सॅक्सोफोन आहे काय, असे विचारणारे स्वतः संगीतकार होते. चकित होणारे वादक निष्णात होते. हसणाऱ्यांपैकी अनेकांनी तीन वर्षांपूर्वी ‘अग्निपक्षी’तील बॅसूनच्या अंगाईला दाद दिलेली असणे अगदी संभवनीय आहे. त्यांचे कान सदोष नव्हते. वाद्याचा आवाज व त्याचे स्थान ह्यांविषयी शतकभरात दृढ झालेला संकेत त्या क्षणी मोडला गेला आणि तो मोडल्याची नोंद त्यांच्या हास्याने घेतली. ह्या दृष्टीने पाहता ते हसणारे श्रोते आलापातील ताण आजच्या शांत श्रोत्यांपेक्षा अधिक तीव्रतेने ऐकत होते, असे म्हणता येईल. कलाकृतीला मान्यता मिळते, तेव्हा तिचे आकलन वाढते; त्याचबरोबर तिच्यातील काही धार बोथटही होते. हा लाभ व ही हानी एकाच प्रक्रियेची दोन अंगे होत, ह्याची साक्ष बॅसूनच्या ह्या छोट्याशा आलापाच्या शतकभराच्या वाटचालीत मिळते.